लाल दोऱ्याचा मग

म्फानाफुथी दादा,

पूर्वजांसाठी बकरं कापलं त्या दिवशी बिअरचं मडकं सगळ्यांच्या तोंडाला लागत फिरलं. मला मात्र तू लाल दोरा बांधलेला पत्र्याचा मग दिलास. "एचआयव्हीवाल्यांचा टीबी जात नसतो, झिबुयिले," म्हणालास, तेही चारचौघांत.

माझा टीबी बरा झालाय. टेकडी चढताना धाप लागते ती फुप्फुसातल्या जुन्या व्रणांमुळे, हे नर्सबाईंनी तपासून सांगितलंय. टीबी मगातून नाही, हवेतून पसरतो, हेही त्यांनीच सांगितलं. आणि तू त्या दिवशी थंडी वाजते म्हणून खिडक्या लावून घेतल्यास आणि आईला खेटून दिवसभर खोकत बसलास.

तू व्हिटॅमिनची म्हणून सांगतोस ती बाटली मी उघडली होती. आत मी रोज घेते त्याच एचआयव्हीच्या गोळ्या होत्या. तुझी किळस आली. मी तोंड शिवून बसले, त्याची जास्त येते.

आई महिनाभर खोकतेय. आज तिने खिळ्यावरचा माझा मग काढला आणि त्यातूनच चहा प्यायली.

उद्या तिला दवाखान्यात नेतेय. घरात आणखी कोण खोकतं, असं तिथे विचारतात. हे पत्र चुलीत जाईल, तुझं नाव मात्र तिथल्या कागदावर जाईल.

तुझ्याच आईची लेक,
झिबुयिले