उभ्या माणसाचं माप

प्रिय थोरल्या,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. आईचा गुडघा जसा होता तसाच आहे, आणि तिची जीभही. पाच महिन्यांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज पानंच्या पानं भरतोय, म्हणजे म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलंय असं तुला वाटेल. बिनसलंय खरं. सोमवारी तुझी चौकशी आहे हे मला धाकट्याकडून कळलं. तू कळवलं नाहीस, आणि कळवावंस असं मी वागलोही नव्हतो. डोंगरावरच्या चौक्यांसाठी परदेशातून मागवलेले बूट अरुंद निघाले, थंडीत आपल्या धाकट्यासकट एकोणीस जवानांच्या पायांची बोटं गेली, आणि मागणीच्या कागदावर सही तुझी. नोकरी तर जाईलच, वर नावाला कायमचा डाग लागेल, असं धाकटा म्हणत होता. ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही, पण आज मुद्द्यावर यायला जरा वेळ लागेल. सांभाळून घे.

धाकट्याची जखम भरली. डाव्या पायाची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नाही, एवढंच. एवढंच, हा त्याचाच शब्द. काठी घेऊन फाटकापर्यंत जातो, परत येतो, आणि आईला म्हणतो, आता नखं कापायला वेळ कमी लागतो. ती चिडते, मग आत जाऊन डोळे पुसते. पुढच्या महिन्यापासून त्याला कोठारात बसून करायचं काम दिलंय. कामावर जायला धड जोडा हवा म्हणून त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, बाबा रे, निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, माझ्या कानशी गंजल्या. तरी दुसऱ्या दिवशी पेटी काढलीच.

कलबूत, म्हणजे ज्यावर जोडा शिवतात ते लाकडी पाऊल, कोरायला बसलो आणि तुझी फार आठवण झाली. शाळा सुटल्यावर तू फौजेच्या बुटांच्या कारखान्यात माझ्या बाकापाशी यायचास. बाकीच्यांची पोरं त्या लाकडी पावलांची गाडी करायची, तू मात्र जोड्या लावत बसायचास. डावं, उजवं, नंबराप्रमाणे, एकही चूक नाही. आमचा फोरमन म्हणायचा, हा पोरगा एक दिवस सगळ्या फौजेचं सामान मांडणार. आणि झालंही तसंच. खरेदी विभागात लागलास तेव्हा मी अख्ख्या कारखान्याला सांगत फिरलो होतो. पुढे डोंगरावरचे बूट आपल्याकडे करायचे बंद झाले, बाहेरून मागवायचं ठरलं, आणि ती मागणी तुझ्या टेबलावर गेली. तेव्हापासून माझं तोंड वाकडं झालं ते झालंच.

इस्पितळातलं विसरलो नाही. तू रात्रभर प्रवास करून आला होतास, तुझ्या हातात पिशवी तशीच होती, आणि मी सगळ्या वॉर्डासमोर म्हणालो, "परदेशी मालाच्या नादाने भावाचा पाय खाल्लास." धाकटा पडल्या पडल्या म्हणत होता, बाबा, गप्प बसा. मी कसला बसतोय. तू पिशवी खाली ठेवलीस, त्याची चादर नीट केलीस आणि बाहेर गेलास.

त्यानंतर एकदाच घरी आलास. आईने चहा दिला. तू हवापाण्याचं बोललास आणि मग सहज विचारल्यासारखं विचारलंस, "बाबा, तुम्ही फौजेच्या माप-तक्त्यासाठी पायांची मापं घेतलीत तेव्हा माणसं उभी होती की बसलेली?" मी ताडकन म्हणालो, "उभी. पाठीवर ओझ्यासकट. बापाला नियम शिकवतोस?" तू बरं म्हणालास. कप विसळून पालथा घातलास आणि निघालास. लहानपणापासून मी बघतोय, कुणी खोटं बोललेलं तुला कळलं की तू काहीतरी आवरायला घेतोस.

आता धाकट्याच्या जोड्याचं ऐक. त्याचा पाय दुखू नये म्हणून मी त्याला खुर्चीत बसवून माप घेतलं. आठ दिवस राबून कलबूत कोरलं, शेजारच्या गल्लीतल्या मोच्याकडून त्यावर जोडा शिवून घेतला. बसल्या बसल्या पायात असा गेला की मीच मला शाबासकी दिली. तो उभा राहिला आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. लगेच खाली बसला. मला वाईट वाटू नये म्हणून हसला आणि म्हणाला, "बाबा, भार पडला की पाय पसरतो. तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला?" मी तिथेच जमिनीवर बसलो. आईला वाटलं, मला चक्कर आली.

मग ट्रंकेतली वही काढली. चोवीस वर्षं उघडली नव्हती. फौजेचा माप-तक्ता करायला मला भरती केंद्रावर पाठवलं होतं, ती वही. तीन हजार नवे जवान, प्रत्येकाचे दोन पाय. नियम सरळ होता, माणूस उभा, पाठीवर पूर्ण ओझं, मग पट्टी लावायची. पहिले आठशे मी तसेच मोजले. नवव्या दिवशी आईचा निरोप आला, दिवस भरलेत, लवकर या. ओझं चढवा, उतरवा, यात अर्धा दिवस जायचा. मी एक लांब बाक मागवला आणि उरलेल्या बावीसशेंना ओळीने बसवून मोजलं. प्रत्येक पानावर डोक्याशी माझ्याच अक्षरात लिहिलंय, "बसून". तक्ता करताना रुंदीत दीड सूत, तांदळाच्या दाण्याएवढं, वाढवायचं मी ठरवलं होतं. घरी पोचलो तर धाकटा तीन तासांचा होता आणि तू त्याला मांडीवर घेऊन हलतही नव्हतास. त्या आनंदात तक्ता तसाच उतरवून दुसऱ्या दिवशी साहेबांना देऊन टाकला. दीड सूत राहून गेलं.

मग इतकी वर्षं बूट कुणाला चावला कसा नाही, असं विचारशील. अरे, कलबुतं मीच कोरायचो. कागद काहीही म्हणो, हात आपोआप बोटांपाशी जास्त लाकूड ठेवायचा, आणि आपलं चामडंही चार दिवसांत सैल व्हायचं. त्या परदेशी लोकांनी बिचाऱ्यांनी मागणीसोबत गेलेल्या माझ्या तक्त्यावर होतं तसंच केलं, तेही न ताणणाऱ्या कडक मालात. कारखान्याचा जुना बूट तक्त्याशेजारी ठेवून बघितलास तेव्हाच तुला शंका आली असणार. बाप खोटं बोलला, तरी त्याचं नाव घेतलं नाहीस. उलट लिहून दिलंस, तक्ता मी तपासला, जबाबदारी माझी. हे धाकट्याने सांगितलं तेव्हा मी ताटावरून उठलो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि इथे चोर तुझा बाप आहे. नमुन्याचे बूट आधी दहा जवानांच्या पायांत घालून डोंगर चढवायला हवे होते, ती चूक तुझी, आणि ती तू कबूल करच. पण तेवढीच.

तर आता मुद्दा. काल मी चौकशीच्या साहेबांना सगळं लिहून पाठवलंय, सोबत वहीच्या पानांच्या प्रती जोडल्यात. हे तुला आधी सांगितलं असतं तर तू मला अडवलं असतंस, म्हणून पत्र मागाहून. मूळ वही घेऊन मी स्वतः सोमवारी येतोय. बस सकाळी सातला पोचते. माझं निवृत्तिवेतन थांबवतील असं आईला वाटतं, थांबवू देत. तू तिथे बापाची बाजू घेऊ नकोस, एवढं माझं ऐक. इस्पितळात जे बोललो ते परत घेता येत नाही, पण ते तुला नव्हे, मला लागू होतं, हे चारचौघांत सांगता येतं. धाकटाही सोबत येतोय. त्याला उभा करून, पाठीवर आईचं धान्याचं पोतं देऊन मी नव्याने माप घेतलं, कलबूत पुन्हा कोरलं. काल तो नवा जोडा घालून काठीशिवाय फाटकापर्यंत जाऊन आला आणि मला म्हणाला, दादाला लिहा, आता चावत नाही.

तुझाच,
बाबा