नालीचं वाहतं पाणी

अकोला, ९ ऑगस्ट १९५९

चि. सौ. कुंदास अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझ्या बाळंतपणाची खोली सारवून तयार आहे, पण माझा जीव थाऱ्यावर नाही. पाऊस आला की गल्लीतली नाली पुलाखाली तुंबते आणि ते घाण पाणी अंगणातून आपल्या विहिरीत उतरतं. पाण्याला वास येऊ लागला आहे. मी घरोघर फिरून सांगतो, की नाली पावसाच्या पाण्यासाठी आहे. तिच्यात राख, शेण, चिंध्या टाकू नका. शेजारचे किसनराव तर तोंडावर म्हणाले, की वकीलसाहेब, मले काहून शिकवून राहिले, पयले आपलं घर पाहा. मला फार राग आला.

तुझी आई मात्र निश्चिंत. तू सुखरूप सुटावीस म्हणून तिने महादेवाला लक्ष बेल वाहायला घेतला आहे. तुला कधी आणावं, ते मला ठरवता येत नाही. लोभ आहेच.

तुझा बापू

अमरावती, १३ ऑगस्ट १९५९

ती. बापूंस शिरसाष्टांग नमस्कार.

वि. वि. पत्र वाचून ह्यांनी इथल्याच दवाखान्यात नाव घालायचं काढलं आहे. मला माहेरीच यायचं आहे. कशात लक्ष लागत नाही. तुम्ही गल्लीभर वकिली करत हिंडता, ते डोळ्यांपुढे आणून हसले तेवढंच.

पण किसनकाका उगीच बोलणारे नव्हेत. एक विचारते, रागावू नका. एवढा बेल शिळा झाल्यावर आई कुठे टाकते? निर्माल्य पायदळी येऊ नये म्हणून आपल्याकडे वाहत्या पाण्यात सोडतात. नदी लांब, आणि पावसाळ्यात दारापुढची नालीच काय ती वाहती. आईला हळूच विचारा, तिला दुखवू नका. माया आहे तशीच राहू द्या.

तुमची कुंदा

अकोला, १९ ऑगस्ट १९५९

चि. सौ. कुंदास आशीर्वाद.

वि. वि. रविवारी किसनराव आणि मी पहार घेऊन पुलाचं तोंड मोकळं केलं. राख, चिंध्या होत्याच, पण त्यांना धरून बसला होता तो आपला बेल, टोपल्याच्या टोपल्या. किसनरावांनी तो आपल्या हातांनी उपसून काढला, त्याचीच मला जास्त लाज वाटली. आई रडली. तिला बोलायला मला तोंड कुठे होतं? आता निर्माल्यासाठी परसात कण्हेरीखाली खड्डा खणला आहे, आणि गल्लीतले लोकही राख उकिरड्यावर नेऊ लागले आहेत.

विहीर उपसली, औषध टाकलं. तरी डॉक्टर म्हणतात, बाळंतिणीला हे पाणी इतक्यात नको. तेव्हा तू येऊ नकोस. हे लिहिताना फार वाईट वाटतं. बापावरचा लोभ कमी करू नकोस.

लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीही घ्यायचं नाही, असं मानणारी तुझी आई उद्याच्या गाडीने तुझ्याकडे निघाली आहे. ती मागणार नाही. दारातच तिच्या हातात प्यायच्या पाण्याचा तांब्या दे.

तुझा बापू