अप्पांनी वाळवलेली पानं

उणकल,
रविवार

प्रिय श्रीहर्ष,

केलगेरीच्या तुझ्या घरी तू माशांची टाकी मांडलीस तेव्हा मी हसले होते. पावसाचं साठवलेलं पाणी, तळाशी वाळू, एक वेडावाकडा ओंडका आणि बदामाची वाळलेली पानं. आठवड्यात पाणी तांबूस झालं. जंगलातल्या नदीचं पाणी असंच असतं म्हणालास. “चहा ओतलास काय रे?” असं मी म्हटलं, तर अप्पा म्हणाले, “गप बस ग, मासे बघू दे.” डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला त्या अंधुक पाण्यात काय दिसणार, असं मला वाटलं होतं. दोन तास ते स्टुलावरून उठले नाहीत. मासा पानाआड गेला की तो बाहेर येईपर्यंत थांबायचे. माझं बोलणं पुरं होईपर्यंत ते कधी थांबलेले मला आठवत नाहीत.

उणकलला परतल्यावर ते रोज सकाळी तळ्याकाठी पानं वेचू लागले. तोडलेली नकोत, आपणहून गळलेली हवीत, हे तूच सांगितलेलं. घरी आणून धुवायची, गच्चीवर वाळवायची, उडू नयेत म्हणून राखण करायची. शेजारीच माझे पापड असायचे. त्यांवर कावळा बसला तरी उठायचे नाहीत. दूधवाल्याला सांगायचे, “नम्म हर्षच्या, आपल्या हर्षच्या टाकीला लागतात.” अठरा वर्षं मी त्यांचं जेवण, गोळ्या, दवाखाना बघते. त्या दूधवाल्यापाशी माझं नाव निघतं ते दूध नासलं की.

संक्रांतीला तू फोन केलास, अप्पांना महिनाभर पाठव म्हणून. मी म्हटलं, नको म्हणतात, गुडघे दुखतात. मी त्यांना विचारलंच नव्हतं. तेवढ्यावर थांबले नाही. त्यांना सांगितलं, हर्षची टाकी फुटली, मासे मेले.

तेव्हापासून ते सकाळी बाहेर पडत नाहीत. तुझा फोन आला तरी दोन शब्द बोलून माझ्याकडे देतात. अप्पा रागावलेत काय, असं तू दोनदा विचारलंस. मी म्हटलं, असेल काहीतरी.

काल जेवताना आपणहून म्हणाले, “पोरानं हौसेनं केलं होतं. बोलत बसलो की टाकीचं निघणार, त्याला वाईट वाटणार. म्हणून फोन लगेच तुझ्याकडे देतो.” तेव्हाही, खरं सांगते, आधी तुझाच हेवा वाटला. लाज मागून आली.

हे फोनवर सांगता आलं नसतं. तू नुसता गप्प राहिला असतास तरी मी पुन्हा काहीतरी रचून सांगितलं असतं. पुढच्या रविवारी गाडी घेऊन ये आणि त्यांना घेऊन जा. महिना वगैरे ठरवू नकोस, राहतील तितके दिवस राहू दे. हे पत्र टाकून आले की मी त्यांना सगळं सांगणार आहे. ते तुझ्यावर कधीच रागावले नव्हते. आता माझ्यावर रागावतील. रागावू देत. तो राग तरी सगळा माझा असेल.

तुझीच,
अक्का