न ऐकता व्हय म्हणायचं नाही

बाबा, आज मी एका माणसाला चार वेळा नाही म्हटलं. पाचव्यांदा त्याने विचारलंच नाही, बिचाऱ्याने फोन ठेवला. माझं क्रेडिट कार्ड बंद झालं! तीन वर्षं मानेवर बसलेलं भूत उतरलं आणि मी जामसंड्याच्या या एवढ्याशा स्वयंपाकघरात गॅसपुढे उभी राहून चक्क टाळ्या पिटल्या. तुमचे जावई बाहेरून धावत आले. "काय झाला गो? फोडणी पेटली?"

तुमच्या वेळी हे कार्ड नव्हतं, म्हणून सांगते. दुकानात कार्ड पुढे करायचं, पैसे बँक भरते आणि महिन्याने आपल्याला बिल पाठवते. सगळं भरलं तर बरं. पण बिलावर दुसराही एक लहानसा आकडा असतो, निदान एवढे तरी भरा म्हणून. मी तेवढेच भरत राहिले. उरलेल्यावर व्याज, त्या व्याजावर व्याज. नवा फ्रिज, फोन, शाळेत शिकवायला जाताना मिरवायच्या साड्या, गोव्याला दोन दिवस. बघता बघता पगाराच्या सहापट डोंगर झाला. आणि घरात कुणाला पत्ता नाही. बिल आलं की मी फोन पालथा ठेवायची.

या सगळ्यात मला आठवायची ती आपल्या आचऱ्याच्या घरातली चतुर्थी. गणपतीपुढे नारळ ठेवून तुम्ही गाऱ्हाणं घालताय, एकेक मागणं मागून क्षणभर थांबताय आणि ओटीवर दाटीने उभी असलेली माणसं एका सुरात म्हणतायत, "व्हय म्हाराजा!" मी नऊ वर्षांची, सगळ्यांत मोठ्याने ओरडणारी. त्या दिवशी पानं वाढायच्या आधी तुम्ही मला मागच्या पडवीत बोलावलंत. "गो, मी काय मागलंय ता ऐकलंस काय?" मी म्हटलं, "नाय." "मगे व्हय कित्याक म्हटलंस? न ऐकता व्हय म्हणाचा नाय. देवाकय नाय आणि माणसाकय नाय." तुम्ही कधी आवाज चढवत नव्हतात, म्हणून ते बोलणं जास्त लागलं. जेवणात मोदक होते आणि मला एकही गोड लागला नाही.

आणि तुमची हीच लेक पुढे काय करते? विळीवर नारळ खवतेय, फोन कान आणि खांद्याच्या मध्ये, पलीकडून एक पोरगी कार्डाच्या अटी घडाघडा म्हणतेय. दर अटीनंतर ती थांबायची, अगदी तुमच्यासारखी. मी आपली हो, हो, हो.

शेवटी एका दुपारी मी यांना सगळं सांगितलं. माणूस तापट, लाइटच्या दुरुस्तीची कामं करून पैला पै जोडणारा. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. ते बराच वेळ बिलं चाळत बसले. मग म्हणाले, "अगो, घर गळाक लागला तर वर चडाक होया. खाली टोपां मांडीत बसान काय उपेग?" बस्स, एवढंच. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं देवगडला सोनाराकडे गेलो. लग्नात तुम्ही घातलेल्या चार बांगड्यांतल्या दोन गेल्या. रागावू नका, दोन अजून हातात आहेत. मग संध्याकाळच्या शिकवण्या घेतल्या. दोन चतुर्थ्यांना जुनीच साडी नेसले आणि कुणी विचारलं तर बेधडक सांगितलं, कर्ज फेडतेय. लाज कसली? लपवताना वाटायची तेवढी सांगताना वाटलीच नाही.

परवा शेवटचा हप्ता गेला. आज कार्ड बंद करायला फोन केला, तर तो माणूस म्हणतो, मॅडम, आम्ही मर्यादा वाढवून देतो. नको. वर्षाची फी माफ करतो. नको. कार्ड नुसतं ठेवा, वापरू नका. नको हो! मग हप्त्यांवर... मी सगळं नीट ऐकून घेतलं, शेवटच्या शब्दापर्यंत, आणि म्हटलं, नाही.

एक राहिलं. हे पत्र कुठे धाडायचं नाहीच, तेव्हा सांगून टाकते. त्या चतुर्थीला मी तुमच्याशी खोटं बोलले. मी ऐकलं होतं. "माझ्या घराक एक झील दी रे म्हाराजा," असं मुलगा मागितलात तुम्ही, आणि एवढ्या माणसांत माझाच आवाज गप्प राहू नये म्हणून मी सगळ्यांच्या वर ओरडले. त्या कार्डवाल्या पोरीचंही मी ऐकलं होतं, व्याजासकट. शाळेत सगळ्यांकडे कार्ड होतं, म्हणून हो म्हटलं. बँकेला नाही म्हणायला मला तीन वर्षं लागली, तुम्हाला म्हणायला चाळीस.

नाय म्हाराजा. मी होतंय मां घरात, तुमची लेक.