कोनाड्यातलं गुंतवळ

शनिवार, ८ जुलै १९७२

आज पुन्हा हॉटेल! मे महिन्यात लग्न झाल्यापासून दर शनिवारी हे कचेरीतून आले की म्हणतात, "चल, आवर." श्रीगोंद्याला बाबांना कळलं तर कपाळाला हात लावतील – मास्तरांची मुलगी हॉटेलात बसून वडे खाते! मला मात्र फार आवडतं. फॅमिली रूम म्हणजे काय, तर लाकडी फळ्यांचा आडोसा आणि हिरवा मळका पडदा. पण पडदा ओढला की आपण दोघंच. आणखी काय पाहिजे?

बटाटेवडे छान होते. मग चहा आला. ह्यांनी एक घोट घेतला आणि कप असा आपटला की निम्मा बशीत! "हा चहा आहे? गार पाणी! मालकाला बोलव!" मी दचकलेच. माझा चहा तर जीभ भाजेल इतका कढत होता. मालक आला, हात जोडले, वेटरला सगळ्यांदेखत झापलं. तेव्हा कुठे हे शांत झाले. येताना मला गजरा घेतला. वाटभर शीळ घालत होते.

घरमालकीण आक्काबाई दारातच. "नवरा असावा तर असा हौशी!"

सोमवार, १० जुलै

आमटी इतकी खारट झाली की मलाच खाववेना. हे हूं की चूं न करता जेवले. "होतं असं," एवढंच. घरात ह्यांचा आवाज कधी चढत नाही. मग हॉटेलात काय होतं ह्यांना?

शनिवार, १५ जुलै

स्टँडजवळची खानावळ. आज भातात खडा. मला काही दिसला नाही तो. "दात पडला असता माझा!" – सगळी खानावळ दणाणली. पडदा सारून लोक डोकावत होते. वाढपी बिचारा नुसता "व्हय सायेब, व्हय सायेब". मी हातातला घास ताटात ठेवला. म्हटलं, "अहो, जाऊ द्या ना." तर म्हणाले, "तू गप्प बस. ह्या लोकांना असंच सरळ करावं लागतं."

परत गजरा. माळावासा वाटला नाही. तांब्यात घालून ठेवला.

बुधवार, १९ जुलै

हे चष्मा घरीच विसरले म्हणून मी तो कचेरीत द्यायला गेले. का गेले!

साहेबाच्या खोलीचं दार उघडं होतं. साहेब वयाने ह्यांच्याहून लहानच. त्याने फाईल फेकली ती ह्यांच्या छातीवर आपटली. "अक्कल गहाण टाकलीय काय हो?" कागद जमिनीवर पसरले. आणि हे ओणवे होऊन एकेक गोळा करत होते – "चुकलं साहेब. दुसरं आणतो लिहून." बाहेर टेबलांवरचे सगळे खाली मान घालून हसत होते. मेल्यांनो, हसता काय!

चष्मा शिपायाकडे देऊन पळत आले. मी ह्यांना दिसले नाही, देवाची कृपा.

घरी येऊन रडले. मग रागही आला. म्हणजे वड्याचं तेल वांग्यावर! साहेबाचं उट्टं त्या गरीब वेटरांवर! पण बोलू कशी? मी पाहिलं हे कळलं तर मेल्याहून मेले होतील हे.

शनिवार, २२ जुलै

डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. हॉटेल टळलं. हे संध्याकाळभर खिडकीत बसून होते. कोनाड्यापाशी.

शुक्रवार, २८ जुलै

दुपारी वैदीण आली. "सुया घे, पोत घे!" फणीला येणारे केस मी बोटाला गुंडाळून कोनाड्यात साठवते. ते गुंतवळ दिलं की सुया मिळतात, आईसुद्धा हेच करायची. आज पाहते तर पुंजका पिंजून ठेवल्यासारखा! लांब लांब केस कुणीतरी ओढून काढलेले. वैदीण भागूबाई डोळे मोठे करून म्हणाली, "बाय, ह्यात कुनीतरी हात घातलाय. जपून ऱ्हा. करनी करत्यात लोक."

घरात येतं कोण? आक्काबाई! मूल राहू नये म्हणून तर नाही ना? संध्याकाळी त्यांनी ताक आणून दिलं. ह्या पाण्याच्या टंचाईत ताक! मी ते मोरीत ओतलं.

शनिवार, २९ जुलै

आजचं लिहायलाच हवं.

माळीवाड्याकडचं बन्सीशेठचं हॉटेल. वेटर गोरक्षनाथ, पन्नाशीचा माणूस, खर्ड्याकडचा. कधी आलात इकडे, म्हणून विचारलं तर म्हणाला, "म्हैना झाला बाई. तिकडं प्यायला पानी न्हाई. खडी फोडून हात गेलं. हितं दोन टायम पोटाला मिळतं, लई झालं." मिसळीवर माझ्यासाठी मूठभर शेव जास्त घालून आणली.

ह्यांनी दोन घास खाल्ले आणि बोटांनी केस बाहेर ओढला. ओढतच राहिले. एवढा लांब! "मालक!"

"चुकलं सायेब. दुसरी आनतो," गोरक्षनाथ बशी उचलायला लागला. हे बशी सोडेनात. बन्सीशेठ आला, केस पाहिला आणि गोरक्षनाथाला म्हणाला, "उद्यापासनं येऊ नको."

"शेट, पाया पडतो –"

तेवढ्यात आतून आचारी आला, हातात झारा. डोक्याचं फडकं ओढून काढलं त्याने. गुळगुळीत टक्कल! "बघा की! भटारखान्यात बाई न्हाई. ह्याच्या डोक्यावर बोटभर केस. मग ह्यो हातभर केस उगवला कुठं?"

कुणीतरी फिसकन हसलं. आणि एकेक जण माझ्या शेपट्याकडे पाहायला लागला.

मी केसाकडे पाहिलं. त्याला पीळ होता – बोटाला गुंडाळून ठेवलेला केस असतो तसा. कोनाडा डोळ्यांपुढे आला. कसली करणी आणि कसल्या आक्काबाई! हात घरातलाच.

गोरक्षनाथ अजून शेठच्या पायाशी वाकलेला. मला ते सहन होईना. ओणवं होऊन कागद गोळा करणारं दुसरंच कुणी दिसायला लागलं.

"माझा आहे," मी म्हणाले. चांगलं मोठ्याने! "माझा केस आहे तो. ह्या दादांना काढू नका."

हे माझ्याकडे बघत राहिले. ओरडले असते तरी चाललं असतं. पण चेहरा कचेरीतला होता, फाईल छातीवर आपटली तेव्हाचा.

आज गजरा नाही. शीळ नाही. दारात आक्काबाई होत्या, त्यांच्या ताकाची इतकी लाज वाटली की वर पाहवेना.

मंगळवार, १ ऑगस्ट

अजून एक शब्द नाही. जेवतात, जातात, येतात. तिखट-मिठाचंही काही बोलत नाहीत.

शनिवार, ५ ऑगस्ट

शेवटी मीच धीर करून विचारलं, "आज कुठे जायचं?" तर हसले. खरंच हसले! म्हणाले, "पुरे झाली हॉटेलं. घरचंच बरं."

सुटले बाई! केवढं ओझं उतरलं! सकाळी बाजारात गोरक्षनाथही भेटला होता. पिशवी खाली ठेवून हात जोडले. "बाई, तुमच्यामुळं टिकलो." बरं वाटलं. आपल्या हातून कधी नव्हे ते काहीतरी धड झालं. ह्यांनाही कळलं असेल. माणूस वाईट नाहीत हो हे. तो साहेबच मेला वाईट.

भागूबाई आली तेव्हा गुंतवळ होतं नव्हतं ते सगळं देऊन टाकलं. आता साठवायचंच नाही. रोजचं रोज जाळते. घाण वास सुटतो, सुटू दे.

आक्काबाईंनी विचारलं, "का हो, आज फिरायला नाही?" म्हटलं, आजपासून घरचंच. म्हणाल्या, "गुणाचा गं बाई नवरा तुझा. ऐकतो."

शनिवार, १२ ऑगस्ट

दुपारी भरली वांगी केली. ह्यांच्या आवडीची. मी न्हाले होते म्हणून ओले केस पंचात घट्ट बांधून, वर पदर घेऊन स्वयंपाक केला. वाढेपर्यंत पंचा सोडला नव्हता.

दुसऱ्या घासाला हे थांबले. बोटांनी ओढलं. ओढतच राहिले. पीळ होता त्याला. म्हणजे कोनाडा रिकामा व्हायच्या आधीच काढून ठेवलेला.

"हे काय आहे?" हॉटेलातला आवाज! घरात पहिल्यांदाच. भांडी वाजली फळीवरची.

कोण येणार होतं झारा घेऊन? माझ्या तोंडून निघालं, "चुकलं. दुसरं वाढते."

संध्याकाळी गजरा घेऊन आले. शीळ घालत.