हुंगलेला अनंत

गुरुवार, संकष्टी. संध्याकाळ.

अनंताला यंदा पहिलीच कळी आलेली. आज उमलली की गणपतीला वाहायची, असं मनाशी ठरवलेलं. सकाळी बघते तर फांदीच मोडून नेलेली.

दुपारी शेजारच्या शुभदाकडे तिच्या बागवाल्या मैत्रिणी जमल्या, मलाही बोलावलं. टेबलावर पेल्यात माझीच फांदी! फूल उमललेलं, आणि एकेक जण नाकाला लावून ओळखतेय. "मोगऱ्यातलाच प्रकार गो," एक म्हणाली. दुसरीचा मोबाईल म्हणे गुलाब. कुंड्यांवर पैसे उधळतात आणि यांना अनंत ओळखता येत नाही!

"शुभदा, ही माझ्याकडची ना?"

"रागावू नका हो काकू. चोरून आणलेलं झाड चांगलं लागतं म्हणतात!" वर हसली.

मागितली असती तर दिली नसती का? आणि कळीची फांदी कधी रुजते? पण देवाच्या वाटचं फूल...

"न्या हवं तर परत," म्हणाली.

नेऊन काय करू? एवढ्या जणींनी हुंगलेलं फूल देवाला चालतं? एवढंही कळू नये?

"आता तूच माळ," म्हटलं आणि उठले.

बाईने खरंच माळलं.