दोनशे सदतीसची चिंधी

अण्णा, आज रविवार, आणि मी दुपारची इस्त्री काढून बसलेय. परदेशात, सेरंगूनच्या या फ्लॅटमध्ये कपडे एकाच माणसाचे, त्यामुळे कुठला कुणाचा हा प्रश्नच येत नाही. पाणी मात्र अजून हातानंच शिंपडते, तुमच्यासारखं. आज हात चालेना, म्हणून कागद घेतला. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. इतक्या उशिरा पत्र लिहायला बसणारी मुलगी म्हणजे कमालच म्हणायची!

या आठवड्यात ऑफिसात माझी चांगली जिरली. इथे इमारतींखाली पार्सल ठेवायची कपाटं असतात, त्यांचा पडद्यामागचा प्रोग्रॅम आम्ही लिहितो. प्रत्येक पार्सलला एक नंबर असतो. सोमवारी एका आजोबांचं कानाचं मशीन आलं, त्याचा निरोप गेला भलत्याच बाईंना, आणि त्या पार्सल घेऊन गेल्यासुद्धा. शोधता शोधता कळलं, की नंबर वाचून झाल्यावर प्रोग्रॅमच्या एका ओळीत तो छोट्या डब्यात भरला जातोय. चारशे एकोणतीस कोटींपर्यंत तो डबा पुरतो. नंबर त्यापुढे गेला की प्रोग्रॅम हूं की चूं करत नाही, वरचा भाग गुपचूप कापून टाकतो, आणि उरतो तो कुणाचा तरी जुना नंबर. कोडमध्ये प्रत्येक ओळ कुणी लिहिली त्याची नोंद राहते. त्या ओळीपुढे माझं नाव होतं, आठ वर्षांपूर्वीचं. मॅनेजर बाईंना मी सरळ सांगितलं, चूक माझी. त्या म्हणाल्या, "नेव्हर माइंड लाह, यू फिक्स कॅन ऑलरेडी," म्हणजे दुरुस्त केलंस की झालं, आणि सगळ्यांबरोबर जेवायला गेल्या. मी हॉकर सेंटरमध्ये, इथल्या खाण्याच्या गाळ्यांपाशी, एकटीच बसले. रोजच बसते, पण त्या दिवशी ताट तसंच ठेवून उठले. चूक कबूल करणं इतकं सोपं असतं, तर तुमच्यासमोर काय धाड भरली होती मला?

डोळे मिटले की मी बारा वर्षांची आहे. आपली लाँड्री भरात आहे, गिऱ्हाइकांचे नंबर हजाराच्या पुढे गेलेत. कपड्यांना बांधायच्या नंबराच्या चिंध्या मात्र तीन आकड्यांच्या मापानं कापून ठेवलेल्या. तुम्ही काडी बिब्ब्याच्या शाईत बुडवून नंबर घालताय, चष्मा नाकावर घसरलेला, आणि मला बजावताय, "जागा पुरत नसेल तर चिंधी मोठी फाड. नंबर कापायचा नाही. नंबर कापला की माणूस बदलतो." बिब्ब्याला मला हात लावू द्यायचा नाही, उततो म्हणून. पण एका संध्याकाळी तुम्ही कोळसा आणायला गेलात, बाहेर मैत्रिणी हाका मारत होत्या, आणि गठ्ठ्यात एकच साडी उरली होती. मी बाराशे सदतीसचे दोनशे सदतीस केले, चिंधी बांधली आणि पळाले.

ती नवरीची साडी होती, अण्णा. पांढरीशुभ्र, त्यांच्यात लग्नात नेसतात तशी. दोनशे सदतीसवाले आपला गठ्ठा घेऊन गावाला गेले, त्यातच ती गेली. लग्न दुसऱ्या दिवशी. नवरीची आई दुकानात उभी राहून म्हणाली, "भाऊ, आता माझ्या पोरीनं काय नेसायचं?" तुम्ही हात जोडलेत. "माझीच चूक, ताई. डोळे गेले माझे." पोरगी मामेबहिणीची जुनी साडी नेसून लग्नाला उभी राहिली. त्या दिवसापासून तुम्ही काडी हातात धरली नाहीत. नंबर आई घालायची, तुम्ही नुसती इस्त्री करायचात आणि प्रत्येक चिंधी तिच्याकडून दोनदा वाचून घ्यायचात. जाईपर्यंत.

कोड नीट केला. आता मोठा डबा घेतलाय, आणि त्यातही नंबर मावला नाही तर तो कापत नाही, परत पाठवतो. चिंधी मोठी फाडली. फार उशिरा फाडली.

त्या आठवड्यात माझा अंगठा उतला होता. तुम्ही विचारलंत, "हे कशानं?" मी म्हटलं, चुलीपाशी भाजलं. तुम्ही खोबरेल लावलंत. बिब्ब्याचा फोड तुम्हाला ओळखू आला नसेल असं होईल का, माहीत असूनच तुम्ही दोष अंगावर घेतलात, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. त्यावर झोप लागते. पण माहीत असतं तर तुम्ही काडी कशाला टाकली असती?

हे पत्र मी इस्त्रीच्या कपड्यांखाली ठेवून देईन, पाठवायचं तरी कुठे. तुमचे डोळे ठीक होते, अण्णा. ते दोनशे सदतीस माझं होतं.